डावीकडची सीट

सीट दोन खाचा मागे सरकवलेली होती.

बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी आठ दिवस इचलकरंजीला जाऊन आले होते. पिशव्या घरात टाकल्या आणि तशीच उद्यमनगरात आमच्या गॅरेजवर गेले. एप्रिल महिना, दुपारची वेळ. आमची पांढरी गाडी शेडच्या तोंडाशी उभी होती. सवयीनं डावीकडचं दार उघडून आत बसले, पाय पुढं सोडले, तर ते कुठं टेकेचनात.

माझी उंची चार फूट अकरा इंच. गेली सहा वर्षं ती सीट माझ्या मापाला पुढं ओढलेली असायची. तिच्यावर दुसरं कुणी बसायचंच नाही, त्यामुळं ती मागं-पुढं सरकते हेही मी विसरून गेले होते.

मिस्त्री पलीकडं टेबलाशी पाठमोरे उभे होते. मिस्त्री म्हणजे माझे यजमान, आनंदा मगदूम. सगळं उद्यमनगर त्यांना मिस्त्री म्हणतं, मग मीही तेच म्हणते. नाव घेतल्यासारखं होत नाही आणि हाकही होते.

"कोण बसलं होतं इथं?" मी गाडीतूनच विचारलं.

त्यांनी मान वळवली नाही.

"मिस्त्री, मी विचारतेय, कोण बसलं होतं?"

उत्तर नाही. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. मी काही म्हणावं आणि यांनी खांबासारखं उभं राहावं. लग्नाला एकवीस वर्षं झाली की बायकोचं बोलणं घरातल्या पंख्यासारखं होत असेल, चालू आहे की बंद याकडं कुणाचं लक्ष नसतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. उतरून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "कवा आलीस? पोरगं का पोरगी?"

"पोरगी. सीट कुणी मागं सरकवली?"

"ती व्हय." त्यांनी हात पुसले. "पुण्यासनं एक पोरगी आलीया. ऋजुता. इंजनात काम केलंय न्हवं, आता मॅप नवा लिवाय पायजे. ती लिवतीया."

चहात साखर जरा कमी पडलीय, हे जसं सांगावं तसं त्यांनी मला हे सांगितलं.

मॅप म्हणजे काय, हे मला माहेरी दर दिवाळीला नव्यानं सांगावं लागतं. इंजिनाला कुठल्या वेगाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी किती आधी पाडायची, हे गाडीतला कंप्युटर ठरवतो. शर्यतीच्या गाडीतला कंपनीचा कंप्युटर काढून दुसरा बसवतात. तो कोरा असतो. त्याच्या तक्त्यातला एकेक आकडा कुणीतरी बसून भरावा लागतो. आमच्या गाडीचे ते आकडे मी भरले होते. मी काही इंजिनियर नाही, लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. मिस्त्रींनी तो कंप्युटर आणला तेव्हा त्याच्याबरोबर दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक आलं होतं, आणि घरात कीबोर्डवर बोटं चालणारी मीच एक होते. डिक्शनरी घेऊन तीन महिने ते वाचलं. निम्मं कळलं, उरलेलं गाडीनं शिकवलं.

आमची पद्धत अशी होती. उन्हाळ्यात भर दुपारी दोनला निघायचं, कारण तापल्या हवेत जे इंजिन तक्रार करत नाही ते पुढं कधीच करत नाही. गिरोलीच्या चढाला लागायचं. मिस्त्री तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण पाय दाबणार, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन ठिणगी एकेक अंशानं आधी आणणार. ठिणगी आधी आणली की ताकद वाढते. पण फारच आधी आणली की पेट्रोल अवेळी भडकतं आणि इंजिन ठोके देतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे. ते चार ठोके जोरात बसले तर पिस्टनला भोक. ठोके ऐकायला मिस्त्रींचा कान, हेच आमचं यंत्र. खडे वाजायच्याही आधी, इंजिनाचा श्वास जरा बदलला की त्यांना कळायचं. "थांब," ते म्हणायचे. मी दोन अंश मागं घ्यायची आणि तो आकडा पक्का व्हायचा. सहा वर्षांत एकही पिस्टन गेला नव्हता.

घरी आम्ही काय बोलायचो? दूध आलं का, गॅस लावला का. त्या चढावर मात्र ते विचारायचे, "कशी हाय?" मी म्हणायची, "अजून भुकेली आहे." "घाल की मग." बास, एवढंच. पण इतकं लक्ष देऊन ते माझ्याशी दुसरीकडं कुठं बोलल्याचं मला आठवत नाही.

आणि आता त्या सीटवर लांब पायांची कुणीतरी बसत होती.

"इंजिनात काय केलंत?" मी विचारलं.

त्यांनी बोटं मोजत सांगितलं. मेमधल्या घाटचढाईच्या शर्यतीसाठी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून खाली घेतलं होतं, त्यामुळं हवा आता जास्त दाबली जाणार. कॅमशाफ्ट नवा, म्हणजे इंजिन मोठे श्वास घेणार. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलच्या पिचकाऱ्या, दीडपट मोठे.

"आणि माझा मॅप?"

"लावून बघितला की. काळा धूर ओकाय लागली. तू लिवलेला आकडा जुन्या पिचकारीचा. तेवढाच वेळ उघडली की आता दीडपट वततीया." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "तुजा मॅप आता लागत न्हाई, रत्ना."

"मला फोन केला असता तर आले असते. नवा लिहिला असता."

"तिच्याकडं यंत्र हाय," ते म्हणाले आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी यंत्रवाली आली. सव्वीस वर्षांची, ताडासारखी उंच, केस मुलासारखे कापलेले, आवाज चिमणीसारखा बारीक. गळ्यात कानांवर लावायचे मोठे हेडफोन आणि त्यांची वायर थेट इंजिनाला चिमट्यानं जोडायची सोय. इंजिनाच्या पोटातला आवाज त्यातून ऐकू येतो म्हणे.

"नमस्कार काकू. तुम्हीच ना रत्नमाला? मी तुमचा मॅप वाचला."

"वाचायला काय पोथी आहे ती?"

"नाही हो, खरंच. थंड इंजिन सुरू व्हायच्या ओळी मी तशाच ठेवल्यात. नव्या इंजेक्टरला जुळवून आकडे कमी केले, पण चढउतार तुमचाच. इतकं नीट काम मी पुण्यातसुद्धा पाहिलेलं नाही."

आपलं कौतुक करणाऱ्या माणसाचा राग धरून ठेवणं फार कष्टाचं असतं. मी ते कष्ट घेतले.

"मग बाकीच्या ओळींनी काय घोडं मारलं होतं?"

"काही नाही. मॅप चुकीचा नव्हता, काकू. ज्या इंजिनासाठी लिहिला ते इंजिन आता राहिलं नाही, एवढंच."

"कळतं मला तेवढं."

ती हसली आणि मिस्त्रींकडं गेली. सरळ समोर उभी नाही राहिली. वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, वाकली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. मिस्त्री हसले. मग तिनं खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांना दिली. त्यांनी वाचली, मान डोलावली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. माझ्यादेखत. एकवीस वर्षांत मला या माणसानं किराणाची यादी सोडून कागदावर काही दिलं नव्हतं.

दोन वाजता ती दोघं निघाली. पुढं मी जे केलं ते सांगायला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती, पण थांबले नव्हते. मी स्कूटी काढली, दुसऱ्या रस्त्यानं पुढं गेले आणि गिरोलीच्या पहिल्या वळणावर उसाच्या रसाच्या गाड्याआड बसले.

"बर्फ घालू का, मावशी?" गाडेवाल्यानं विचारलं.

"दुप्पट घाला," मी म्हटलं.

पांढरी गाडी आली. मी आवाजावरनंच ओळखली असती, पण आवाज बदलला होता. पूर्वीचा भरदार, एकसंध. आता खालच्या वेगाला लंगडत, वर गेल्यावर गर्जत. वळणावर ती हळू झाली आणि मला काचेतून स्वच्छ दिसलं. ऋजुताचे कान हेडफोननं झाकलेले, एक हात लॅपटॉपवर. दुसरा हात मिस्त्रींच्या हातावर. तिनं दोन बोटांनी त्यांच्या मनगटावर टकटक केलं. मिस्त्रींनी पाय उचलला, तिच्याकडं बघितलं. तिनं अंगठा वर केला.

रस अर्धा टाकून मी उठले.

त्यानंतरचे तीन दिवस मी घरात चांगली वागले. मला ओळखणाऱ्यानं त्यावरूनच सावध व्हायला हवं होतं. त्यांच्या डावीकडून ताट वाढताना मी पुटपुटायची, "चिठ्ठ्या काय, हातावर टकटक काय." मिस्त्री भाकरी मोडत राहायचे. चेहऱ्यावर अपराधाची रेघसुद्धा नाही. इतकं निर्ढावलेलं माणूस आपल्या घरात इतकी वर्षं जेवतंय, याचं मला नवल वाटायचं.

चौथ्या दिवशी सकाळी ऋजुता नाश्त्याला गेली तेव्हा तिचा मॅप मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. घरी येऊन माझा जुना आणि तिचा नवा शेजारी शेजारी उघडले. पेट्रोलच्या तक्त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कॅमशाफ्टमुळं इंजिन वरच्या वेगाला जास्त हवा घेतं, तिथं तिनं पेट्रोल बरोबर चढवलेलं. खालच्या वेगाला नव्या कॅमनं हवेचा दाब डचमळतो, तिथं तिनं दाबाचा भरवसा सोडून पायाखालच्या पेडलवर हिशोब बांधलेला. मला हे सुचलं असतं का? बहुधा नसतं. मी ते पान घाईनं बंद केलं.

ठिणगीच्या तक्त्यात मात्र मला पाहिजे होतं ते सापडलं. मधल्या वेगाला माझ्यापेक्षा पाच अंश कमी. वर सहा. मला एकटीला हसू आलं. भित्री. शाळेतली हुशार पोरगी, चूक होऊ नये म्हणून उत्तरच अर्धं लिहिणारी. हेड घासल्यावर ठिणगी कमी करावी लागते हे मलाही ठाऊक होतं, पण सहा अंश? त्यात निम्मी ताकद हवेत गेली.

मी गॅरेजवर जाऊन मिस्त्रींपुढं उभी राहिले.

"पोरगी घाबरट आहे. गाडी अर्धी झोपवून ठेवलीय. आज दुपारी मी येते. जाग्यावर आणून दाखवते."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे की. ती करतीया न्हवं?"

"का राहू दे?"

"उगंच कशाला तुला तरास. ऊन बग किती हाय."

"सहा वर्षं ऊन नव्हतं का?"

त्यांनी पाना पुन्हा उचलला.

"का आता मी शेजारी बसले तर चालत नाही?"

हे मी हळूच म्हटलं, पण त्यांच्या तोंडासमोर उभी राहून. त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता कबूल करणार. 

"चल," ते म्हणाले. "दोनला निघू."

मी सीट पुढं ओढली. इतकी ओढली की गुडघे डॅशबोर्डला लागले. गिरोलीचा चढ लागला तसा त्यांनी तिसरा गियर टाकून पाय दाबला आणि नवं इंजिन पहिल्यांदा मला पाठीला जाणवलं. मी सीटमध्ये मागं ढकलले गेले. हे इंजिन माझ्या ओळखीचं नव्हतं. पण कबूल कोण करतंय?

एक अंश वाढवला. गाडीनं आनंदानं घेतला. खाली जाऊन पुन्हा चढ. दुसरा अंश. तिसरा. मीटरवर ताकद दिसत होती. "बघा," मी म्हटलं. ते समोर बघत होते. "कशी आहे विचारा की," मी म्हटलं. ते समोर बघत होते.

चौथ्या अंशाला मला पहिला खडा ऐकू आला.

एकच. डब्यात एक खडा पडावा तसा. मी मिस्त्रींकडं बघितलं. थांब म्हणणार, म्हणून बोट बटणावर ठेवून वाट बघितली. ते काही बोलले नाहीत.

इथं मी जी चूक केली ती फक्त मीच करू शकत होते. दुसऱ्या कुणालाही ठोका ऐकू आला असता तर त्यानं मागं घेतलं असतं. पण थांब म्हणायचं काम त्यांचं होतं, मागं घ्यायचं काम माझं. सहा वर्षांत आम्ही त्यात अदलाबदल केली नव्हती. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम गप्प बसलाय. माझ्या हातनं इंजिन खराब होऊ दे, म्हणजे पोरगी बरोबर ठरेल आणि सीटचा प्रश्न कायमचा मिटेल. ठीक आहे. तुम्ही म्हणेपर्यंत मी थांबणार नाही.

मी पाचवा अंश घातला.

खडे खळखळायला लागले. मूठभर. वळणाच्या वर चढ आणखी उभा होतो, तिथं ते मोठ्यानं वाजू लागले, डबा कुणीतरी दोन्ही हातांनी हलवतंय असे.

"आता तरी थांब म्हणा," मी म्हटलं.

मिस्त्री हसत होते. समोर रस्त्याकडं बघत, अगदी समाधानानं, दिवाळीला नवे कपडे घातलेल्या पोरासारखे. "झकास चाललीया," ते म्हणाले. "घाल अजून एक."

तीस वर्षं इंजिनांच्या छातीला कान लावून बसलेला माणूस. दुसऱ्याच्या गाडीतला सैल झालेला बोल्ट रस्त्याच्या पलीकडून ओळखणारा. इंजिन आमच्या पायाशी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि तो हसत होता.

मी सहा अंश एकदम मागं घेतले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी दचकून पाय उचलला. गाडी कडेला उभी राहिली.

"काय झालं?"

"प्लग काढा," मी त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हटलं.

गरम इंजिनातून ठिणगीचे प्लग काढायला वेळ लागला. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकचकीत कण होते, मिठासारखे. पिस्टनचं ॲल्युमिनियम. मिस्त्रींनी तो प्लग उन्हात धरला, फिरवला, पुन्हा धरला. 

"वाजत हुतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, प्लगकडंच बघत होते. प्लगला विचारल्यासारखं.

खरं सांगायचं तर खूप वाजत होतं. मी ऐकलं होतं आणि रागानं वाढवत नेलं होतं. आणि ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. दोन गोष्टी होत्या. एक माझी, एक त्यांची. कुठलीच त्या उन्हात उघडायची मला हिंमत झाली नाही.

"खिडकी उघडी होती," मी म्हटलं. "मलाही नीट कळलं नाही. शेवटी जरा वाटलं, म्हणून मागं घेतलं."

त्यांनी मान डोलावली. त्याच्या जागी नवा बसवून तो प्लग रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. परत येताना गाडी इतकी हळू चालवली की एका बैलगाडीनं आम्हाला ओव्हरटेक केलं असतं, रस्त्यावर बैलगाडी असती तर.

दुसऱ्या दिवशी मी ऋजुता येण्याआधी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. मिस्त्री पार्ट आणायला शिरोलीला गेले होते. ती आली तसा, मिस्त्रींच्या कालच्या शर्टाच्या खिशातून काढून घेतलेला तो प्लग मी तिच्या हातावर ठेवला.

"मी केलं हे. काल. तुझ्या मॅपमध्ये पाच अंश घातले."

तिनं प्लग बघितला. ओरडली नाही. चारही सिलिंडरना मीटर लावून दाब तपासला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत, मग इंजिनाच्या पोटात छोटा कॅमेरा घालून पिस्टन बघितले. मी शाळेत निकाल ऐकल्यासारखी उभी होते.

"वाचलंय," ती शेवटी म्हणाली. "तिसऱ्याच्या कडेला जरा खरचटलंय, पण चालेल. अजून दहा सेकंद गेली असती तर गेलं होतं, काकू."

"मिस्त्रींना ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

"हो, कसं येणार?" ती चिमटे गुंडाळत होती. मग तिचे हात थांबले. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

 तिनं माझ्यासाठी स्टूल पुढं केलं आणि स्वतः खाली टायरवर बसली, त्यामुळं तिची उंची पहिल्यांदाच माझ्याएवढी झाली.

"डावा कान जवळजवळ गेलाय. उजव्याला माणसाचं बोलणं कळतं, पण बारीक आवाज लागत नाहीत. माझा आवाज तर अजिबात नाही, म्हणून मी चिठ्ठ्या देते. गाडीत मी डावीकडं असते, तिथं कानाशी ओरडूनसुद्धा उपयोग नसतो. मग हातावर टकटक. दोन म्हणजे पाय उचला. जुन्या इंजिनात जरा चुकलं तरी चालून जायचं. हेड घासल्यावर तेवढी सूट राहिली नाही. म्हणून त्यांनी मला बोलावलं."

"त्यांनी सांगितलं तुला हे?"

"पहिल्याच दिवशी. म्हणाले, पोरी, आधी हे ऐक आणि मग कामाला हात लाव."

"आणि मला का नाही?"

ती ओठ चावत बसली. सांगू नको असं तिला बजावलेलं असणार, हे दिसत होतं.

"मीही विचारलं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले, तिला कळलं तर ती माझ्याशी मोठ्यानं बोलाय लागंल. ती तशी बोलत नाही कधी."

माझा आवाज जाड आणि खालचा आहे. लग्न ठरवताना सासूबाईंनी तो दोष म्हणून सांगितला होता. यांना तो कसा वाटतो हे मी एकवीस वर्षांत विचारलं नव्हतं, आणि ते कळलं ते या परक्या पोरीकडून, टायरवर बसलेल्या. ती चिठ्ठी, ते मनगट, ती सीट, सगळ्याचा राग त्या मिनिटाला उतरला. पण हे त्यांनी आधी तिला सांगितलं, याचा हेवा जो बसला तो चौदा वर्षं झाली तरी उतरलेला नाही. आता त्यांच्या दोन्ही कानांत मशिनं आहेत, ऋजुताला दोन मुलं आहेत, दर गणपतीला ती येऊन आमच्याकडं जेवते. मी तिला आग्रहानं वाढते. आणि वाढताना तो हेवा जागेवर आहे की नाही हे तपासून घेते. असतो.

शनिवारी तिनं मॅप पूर्ण केला. ठिणगी तिच्या आकड्यांवरच राहिली, मी एकालाही हात लावला नाही. ती पुण्याला गेली. रविवारी दुपारी गाडी एकदा चढावर नेऊन बघायची होती. मिस्त्री किल्ली घेऊन निघाले तेव्हा मी पुढं हात केला.

"मी चालवते. तुम्ही तिकडं बसा, आकडे बघा."

"तू? चढावर?"

"आठ वर्षं गॅरेजची व्हॅन चालवतेय की. मला स्क्रीनवरचं आता धड दिसत नाही. एकाचे दोन दिसतात."

"कवापासनं?"

"झालं वर्षभर."

"आणि सांगितलं न्हाईस मला?" ते खरंच दुखावले होते. "दाखव की कुणाला तरी. लपवून ठेवाय काय झालं?"

"दाखवते," मी म्हटलं. माझे डोळे तेव्हा ठणठणीत होते.

ते डावीकडं बसले, त्यांचा उजवा कान आता माझ्या बाजूला. लॅपटॉप मांडीवर घेतला, कुठलं बटण कुठं ते तीनदा विचारून घेतलं. मी काचा वर केल्या. गिरोलीचा चढ लागला, मी तिसरा टाकला आणि पाय दाबला. गाडी न कुरकुरता वर निघाली. पहिलं वळण गेलं. रसाच्या गाड्याशी दोन माणसं उभी होती. मला तो दिवस आठवला आणि वर्षभराच्या सवयीनं मी स्टिअरिंगशी पुटपुटले, "दिसायलाही बरी होती पोरगी."

"बरी हुती," मिस्त्री म्हणाले. त्यांची नजर स्क्रीनवर होती. "पर तिचं बोललेलं काय कळायचं न्हाई मला."

मी रस्त्याकडं बघत राहिले. पुढचं वळण जवळ येत होतं.

"माझं कळतं?" मी विचारलं. तेवढंच हळू.

"तुजं समदं कळतंय," ते म्हणाले. "गियर बदल आता. वळान आलं."